दुसऱ्याच्या वावरात

मी जग आधी धुतलं आणि मग पाहिलं. दुबई, बँकॉक, ताश्कंद, बाकू ही सगळी ठिकाणं आमच्या घरी ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मळक्या कपड्यांची बॅग होऊन आली आणि मोरीत माझ्या हाताखालून गेली. दुबईच्या कपड्यांना अत्तराचा उग्र वास असायचा. बँकॉकच्या बनियनला खोबरेल तेलाचा वास यायचा, आणि हे तेल पाठीला कोणी लावून दिलं हे विचारायची सोय नव्हती. ताश्कंदहून आलेल्या स्वेटरला मटणाच्या धुराचा वास होता. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. तो स्वेटर मी काठीनं उचलून गरम पाण्यात टाकला होता. बॅगेच्या आतल्या कप्प्यात मीच बांधून दिलेला ठेचा अर्धा तसाच असायचा, त्यावर हिरवट बुरशी, आणि बाजूला हॉटेलातून उचलून आणलेल्या शाम्पूच्या बाटल्या, कागदी सपाता, साबणाच्या वड्या. एकदा तर अंघोळीचा मोठा टॉवेल होता, त्यावर हॉटेलचं नाव विणलेलं. पाहुणे आले की हात पुसायला तोच पुढं करायचा, असं मला सांगण्यात आलं. मी त्याचं पोतेरं केलं.

कोणी मला विचारलं की जगातलं तुमचं आवडतं ठिकाण कोणतं, तर माझ्या तोंडून आधी शिवीच निघेल.

लोणार तालुक्यातल्या बीबी गावात आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. कंपन्या दुकानदारांपुढं एक आकडा ठेवतात, एवढा माल विकला की परदेश. मेहकर, चिखली, लोणार, सगळीकडचे दुकानदार असे दरवर्षी कुठं ना कुठं जाऊन येतात आणि येताना फ्रिजला चिकटवायचं एक चित्र आणतात. आमच्या फ्रिजचं दार उघडलं की आधी उंट, मग हत्ती, मग कुठला तरी मनोरा. आमचे हे बाहेर गेले की घरी येणारी प्रत्येक बाई विचारायची, तुम्ही नाही गेलात? मी ह्यांचंच उत्तर द्यायची, की कंपनी एकच तिकीट देते. मला ते खरंही वाटायचं.

आता माल विकायचं कोण, तेही सांगते. मृग लागला की दुकानापुढं पहाटेपासून गर्दी असते, आणि काउंटरवर मी बसते. ह्यांना बोलायला आवडतं. बोरी उचलून द्यायला, कोणत्या जमिनीत कोणतं सोयाबीन हे सांगायला, बियाणं उगवलं नाही म्हणून भांडायला आलेल्या माणसाला पाणी पाजून शांत करायला मी. बायका तर माझ्याकडंच येतात. मागल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त खपतं ते तणनाशक. पूर्वी निंदायला बायांची रांग लागायची वावरात, आता एक माणूस पाठीवर पंप घेऊन जातो आणि दिवसात मोकळा होतो. लहानपणी मी आईबरोबर निंदायला जायची. बोटांच्या पेरांत रुतलेली ती माती मला अजून आठवते, आणि वाकून वाकून दुखणारी कंबरही. त्यामुळे तणनाशक विकताना मला पुण्यही वाटत नाही आणि पापही. पण आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, हे मात्र मी दरवर्षी पाहत होते.

मला काही मनोरे पाहायचे नव्हते. सोन्याचा बाजारही नको होता. मोबाईलवर एकदा मी बाली बेटावरची भातशेती पाहिली होती. डोंगराच्या उतारावर पायऱ्या कोरल्यासारखे बांध, प्रत्येक पायरीत पाणी, आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या बाया, वाकलेल्या, आपल्यासारख्याच. आमच्याकडं कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. भात आम्ही पोत्यातूनच पाहिलेला. पाण्यात पीक उभं राहतं आणि सडत नाही हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या बायांजवळ जायचं होतं. एखादीच्या बांधावर बसायचं, भाषा येवो न येवो, तिला दाखवायचं की मीही निंदलेलं आहे. एवढी एकच इच्छा मी धरून होते. ती सांगितली की घरात सगळे हसत.

मेहकरला एका लग्नात उंद्रीच्या दुकानदाराची बायको माझ्या पंगतीत बसली होती. तिनं सहज विचारलं, की तुम्ही कधीच काऊन येत नाही? आम्ही तर दोघं जातो, बहुतेकांच्या बायका येतात. माझ्या हातातला घास हातातच राहिला. दोन तिकिटं मिळत होती. दुसऱ्या तिकिटावर ह्यांचा मित्र जात होता, इतकी वर्षं. तो मित्र आमच्याच ओट्यावर बसून मला दुबईच्या गोष्टी सांगायचा आणि मी त्याला चहा करून द्यायची.

घरी आल्यावर मी भांडले नाही. एवढंच म्हणाले, की येत्या मृगात मी दुकानात बसणार नाही, तुमच्या मित्राला बसवा. हे दोन दिवस माझ्या मागं मागं फिरले. बायकांना तिकडचं खाणं चालत नाही, बायकांना बोअर होतं, विमानात कान दुखतात. मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पासपोर्टसाठी फोटो काढायला आम्ही लोणारला गेलो. पुढची सहल बालीचीच निघाली, तेव्हा मला वाटलं की देवानं एकदाचं माझ्याकडं पाहिलं. मी पर्समध्ये एक हिरवा खण आणि हळदीकुंकवाची पुडी ठेवली. तिथं वावरात भेटेल त्या बाईची ओटी भरायची, असं ठरवून टाकलं.

समृद्धी महामार्गानं मुंबई, आणि विमानतळावर पहिली किळस. सामान द्यायच्या रांगेत उभे असताना आमच्या गटातल्या माळकऱ्यांनी एकेक करून गळ्यातल्या माळा काढल्या आणि बायकांच्या पर्समध्ये टाकल्या. कोणाला लाज नाही की संकोच नाही, चष्मा काढून द्यावा तसं. एकानं कारणही सांगितलं, की समुद्र ओलांडला म्हणजे माळेचा नियम लागत नाही. ज्यांच्या बायका आल्या नव्हत्या त्यांनी आपल्या माळा माझ्याकडं दिल्या. खण खाली, माळा वर, आणि वरून ह्यांची तंबाखूची पुडी. आम्हा सगळ्यांना कंपनीनं हिरव्या टोप्या दिल्या होत्या, पुढच्या बाजूला तणनाशकाचं नाव. नऊवारी असो की पाचवारी, प्रत्येक बाईच्या अंबाड्यावर ती टोपी. फोटोत एकसारखं दिसलं पाहिजे, असं कंपनीचे साहेब म्हणाले.

आणि मग ते दिवस. सकाळी हॉटेलात खाण्याची टेबलं मांडलेली असत, पाहिजे ते घ्या. आमची माणसं ताटात डोंगर करत, अर्धं टाकून देत आणि उठताना केळी, पाव, लोण्याच्या वड्या कागदात गुंडाळून बायकांच्या पर्समध्ये कोंबत. माळांवर लोणी वितळलं. पोहायच्या तलावात हे सगळे चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उतरले, आत शिरून नाकं शिंकरली, आणि दुसऱ्या देशातली एक म्हातारी जोडी हळूच पाण्याबाहेर आली, टॉवेल गुंडाळून निघून गेली. ते पाहून इकडं हशा. संध्याकाळी पुरुष कुठं जात ते आम्हाला कोणी सांगत नसे आणि परत येत तेव्हा सांगायची गरज नसे. आम्ही बायका हॉटेलच्या दालनात सोफ्यांवर बसून राहायचो. बाकीच्या एकमेकींच्या पाटल्यांचं वजन आणि सुनांचे दोष काढत. मला त्यांचाही राग येत होता. परदेशात येऊन बसायचं, तर निदान खिडकीबाहेर तरी पाहावं माणसानं.

त्या बेटावरची माणसं देवभोळी आहेत. रोज सकाळी दाराशी, दुकानापुढं, रस्त्याच्या कडेला पानांची छोटी परडी ठेवतात, त्यात फुलं, चिमूटभर भात, एक उदबत्ती. एवढं नीटनेटकं, एवढं स्वच्छ, की मला आमच्या तुळशीपुढं उभं राहिल्यासारखं वाटायचं. आमच्यातल्या एकानं गुटख्याची पुडी चघळून पिचकारी मारली ती नेमकी अशा परडीत. फुलं लाल झाली. दुकानातली पोरगी बाहेर आली, परडी उचलून आत घेऊन गेली. आमचे हे हसले. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तेव्हा म्हणाले, मी नाही थुकलो. जणू माझं भांडण तेवढ्यापुरतं होतं.

तिसऱ्या दिवशी भातशेती होती. माझ्यासाठी सगळी सहल त्या एका सकाळसाठी होती, हे ह्यांना ठाऊक होतं. मी लवकर उठून अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसले. बस निघाली आणि लगेच मागच्या बाकांवरून आवाज सुरू झाले, की शेती कशाला, बाजारात चला, बायकांना पिशव्या घ्यायच्यात. एकजण उभा राहून म्हणाला, "घरी वावर नाही काय बे आपल्याले? इमानात बसून चिखल पाहाले आलो काय?" सगळी बस हसली. जन्म शेतीवर गेला, दुकान शेतीवर, पोट शेतीवर, आणि शेतीचंच नाव काढलं की ह्यांना हसू येतं. मग हात वर करून मत घेतलं. आमच्या ह्यांचा हात बाजाराच्या बाजूनं वर गेला. मी त्यांच्या शेजारी बसले होते, आमच्या मांड्या एकमेकांना लागत होत्या.

तेव्हा मी उठले. बसमध्ये मी आजवर बोलले नव्हते. म्हटलं, "हा दिवस माह्या मेहनतीचा आहे. काउंटरवर मी बसतो, मी उभी राह्यतो. बाजारात तुम्ही जा, मले वावरापाशी उतरवून द्या."

बायका खिडकीबाहेर पाहू लागल्या. ह्यांनी माझ्या लुगड्याचा काठ खाली ओढला, बस म्हणून. शेवटी निकाल लागला तो माझ्या बोलण्यामुळं नाहीच. कंपनीचे साहेब पुढच्या बाकावरून म्हणाले, की शेतीत जावंच लागेल, तणनाशकाचा बॅनर घेऊन भाताच्या रोपांत फोटो पाहिजे, वरून मागणी आहे. मग सगळे तयार झाले. माझ्यासाठी जे जमत नव्हतं ते बॅनरसाठी लगेच जमलं.

ती शेती जशी मोबाईलवर पाहिली होती तशीच होती. इथं माझा राग क्षणभर गळून पडला, हे कबूल केलं पाहिजे. हिरव्याचे किती प्रकार असतात ते मी तिथं पाहिलं. पाणी एका पायरीतून दुसऱ्या पायरीत बांबूच्या नळीतून उतरत होतं, आवाज बारीक. कोपऱ्यात छोटंसं देऊळ, त्यात परडी. आमच्या वाटेच्या खालच्या अंगाला एका तुकड्यात एक बाई निंदत होती, साधारण माझ्याच वयाची. डोक्यावर पानाची रुंद टोपी, घोट्याच्या वर चिखल, डाव्या हातात उपटलेल्या तणाची जुडी. वाकायची पद्धत आपलीच. दोन रोपांच्या मधून बोटं घालून मुळासकट तण ओढायचं आणि पाण्यात माती झटकायची. मला इतकं बरं वाटलं, की सांगता येत नाही.

मी चपला वाटेवर काढल्या, पर्समधून खण आणि हळदीकुंकवाची पुडी काढली आणि बांधावरून तिच्याकडं निघाले. तेवढ्यात मागं गलका झाला. आमची माणसं बॅनर उलगडून सरळ रोपांत उतरली होती. बूट घातलेले, कोणी हॉटेलच्या सपाता घातलेल्या. पाय रुतला की हसायचं, दुसऱ्याला धरायचं, आणखी दोन रोपं आडवी. आमचे हे मधोमध, बॅनरचं टोक धरून. ह्या माणसांना रोप म्हणजे काय ते कळत नाही असं कसं म्हणू? आमच्या सोयाबीनमध्ये कोणाची बकरी शिरली तर हेच लोक काठी घेऊन धावतात. मी तिथूनच म्हटलं, की बाहेर या, रोप मोडतंय. हे म्हणाले, "देऊन टाकू तिले काही. तू ये मधात, फोटो निघून राह्यला."

मी मधात गेले नाही. मी बाईकडं गेले. बांध निसरडा होता, म्हणून शेवटची दोन पावलं मी पाण्यात उतरून टाकली. ती सरळ उभी राहिली. तिनं आधी त्या माणसांकडं पाहिलं, मग बॅनरकडं, मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्याकडं नाही, डोक्याकडं. माझ्या डोक्यावर तीच हिरवी टोपी होती, मी ती काढायला विसरले होते. मी खण पुढं केला. तिनं तो पाहिलासुद्धा नाही. तिनं मोकळा हात वर केला, पंजा आमच्याकडं करून, आणि दोनदा हवेत ढकलला. तोंडानं एकच शब्द बोलली, तोही मोठ्यानं नाही. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. पिकात शिरलेल्या ढोरांना मी लहानपणी ह्याच हातानं हाकललं आहे.

मी खाली पाहिलं. माझ्या पायाखाली दोन रोपं होती. मी पाय उचलला आणि मागं मागं सरकत बांधावर चढले. खण घडी करून पर्समध्ये ठेवला, लोण्याचे डाग पडलेल्या माळांखाली. पायाचा चिखल तसाच घेऊन बसमध्ये बसले. उरलेल्या दिवसांत आम्ही कुठं कुठं गेलो ते मला विचारू नका. परतीच्या वाटेवर, महामार्गावरच्या एका हॉटेलपाशी गाडी थांबली तेव्हा ज्यांनी माझ्याकडं माळा दिल्या होत्या त्यांनी त्या परत मागितल्या. कोणती कोणाची ते कुणालाच ओळखू येईना. हाताला येईल ती ज्यानं त्यानं गळ्यात घातली, तोंड धुतलं आणि घरी गेली माणसं, पवित्र होऊन.

तो फोटो साहेबांना फार आवडला. कंपनीनं त्याचा मोठा फ्लेक्स करून पाठवला आणि ह्यांनी तो दुकानात, काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावला. बरोबर माझ्या पाठीशी. बॅनर, हसरे चेहरे, हिरव्या टोप्या, एका कडेला माझी पाठ, आणि माझ्यापलीकडं ती बाई, हात वर केलेली. गिऱ्हाईक विचारतात, ती कोण? हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, की तिकडची शेतकरीण आहे, टाटा करून राह्यली आपल्याले, लय मायाळू लोकं. गेल्या मृगात हे मी किती वेळा ऐकलं असेल, पाठीमागं न पाहता.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर बीबीजवळच्याच खेड्यातली एक बाई आली. नवरा नाही, चार एकर स्वतः करते, माझी जुनी गिऱ्हाईक. ती फ्लेक्सपुढं उभी राहिली आणि ह्यांनी आपली टेप लावली. बाईनं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि ह्यांना नाही, मला विचारलं, "टाटा कायचा? हाकलून राह्यली थे तुमाले. काऊन बाप्पा?"

हे हसायला लागले. मी हसले नाही. म्हटलं, "आम्ही तिच्या धानात उभे होतो."

"मंग बराबर आहे तिचं," बाई म्हणाली, आणि तणनाशकाची अर्ध्या लिटरची बाटली मागितली. मी काढून दिली.